मडमच्या घागऱ्याखालचा पिंजरा

परवा जालन्यातच एका लग्नाला गेले होते. जेवायला बसले तर समोरची बाई आपल्या सुनेला सांगत होती, "आमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी इंग्रज मडम झाले होते. घागऱ्याच्या मागं हा एवढा फुगीर पिंजरा! बाबांनी खास पुण्याहून मागवला होता."

माझा घास हातातच राहिला. पुण्याहून म्हणे! अगं ए बाई, पन्नास वर्षं व्हायला आली, आता तरी खरं बोल. ती बाई नववीत माझ्या वर्गात होती. माझा बा ज्या कापसाच्या जिनिंग-प्रेसमध्ये कामाला होता, त्या प्रेसच्या मालकाची ती मुलगी. तिनं मला ओळखलं न्हाई. ती पाठमोरी असती तरी मी तिला ओळखलं असतं, कारण तो पिंजरा तिच्या पाठीमागं माझ्याच हातानं बांधला होता.

मी तिला काय बोलले ते सांगते, पण आधी पिंजऱ्याचं ऐका. ते कुणी कधी ऐकून घेतलंच न्हाई.

तेव्हा जालना हा औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही टेंभुर्णीकडचं गाव सोडून जुन्या जालन्यात आल्तो. बौद्धवाड्यात एक खोली. बा प्रेसमध्ये कापसाच्या गाठी आवळायच्या कामावर, माय एका आडतीत धान्य निवडायला. त्यानंतर दोन वर्षांनी शाळेच्या गॅदरिंगसाठी आमच्या बाईंनी स्वतः एक नाटक लिहिलं. कलेक्टरची मडम एका खेड्यात येते आणि तिची फजिती होते, असं ते विनोदी नाटक. बाईंनी वर्गातल्या एकेकीला उभं करून मडमसारखं बोलायला लावलं. बाकीच्या लाजून मरायच्या. मी मात्र कमरेवर हात ठेवून म्हणाले, "टुमी पानी कुठून आनटा? इटकी घान का करटा?" अख्खा वर्ग खो खो हसला. बाई म्हणाल्या, "झालं. मडम हीच."

बाईंजवळ जुन्या इंग्रजी मासिकातलं एक चित्र होतं. मडम एका अंगानं उभी, पुढून सपाट, आणि मागं कमरेखाली झग्याचा भलामोठा उंचवटा. बाई म्हणाल्या, "असं मागं आलं पाहिजे. आणि पोशाख ज्याचा त्यानं करायचा. शाळा काही देणार नाही."

चित्र घरी आणलं. मायनं ते उजेडात धरलं, उलटं केलं, सुलटं केलं.

"काय गं बाई ही! मागं पाटी बांधून चालून राह्यली का?"

"आत पिंजरा असतो म्हणे."

"कशाचा?"

"ते बाईंनाबी माहीत न्हाई."

"मंग बसत कशी असंल ही?" मायला त्या दिवसापासून हाच प्रश्न पडला. मडम दिसती कशी याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं, ती बसती कशी हेच तिला शोधून काढायचं होतं.

आधी उशी बांधली. चार पावलांत ती घसरून गुडघ्यामागं आली. मग एक जुनी दुरडी बांधली, तर तिचा काठ घागऱ्यातून चक्क दिसायचा. मग मायनं तुराट्या वाकवून कोंबड्या झाकायच्या डालग्यासारखं गोल काहीतरी केलं. मी त्यात उभी राहिले आणि दारातून बाहेरच निघता येईना. शेजारच्या बायका पदर तोंडात कोंबून हसून राह्यल्या. माय पण हसली, अन् मग एकदम चिडली. "हसू नका! चित्रात पुढून सपाट हे. ही अर्धीच पाहिजे, मी येडी पूर्ण करत बसले."

अर्धं काय वाकेल आणि मोडणार न्हाई? हे बाच्या डोक्यातून आलं. कापसाची गाठ दाबली की ती लोखंडी पट्ट्यांनी आवळतात. पातळ, बोटभर रुंद पट्टी. आवळताना ती तुटायची, आणि तुटके तुकडे प्रेसच्या मागच्या भंगारात पडायचे. कामगार ते घरी आणायचे, सगळे आणायचे. आमच्या गल्लीत पट्टी न्हाई असं एक घर दाखवा! कुणाच्या दाराची कडी पट्टीची, कुणाच्या चुलीवरची जाळी पट्टीची, बादलीचं बूड गळायला लागलं तर त्याला पट्टी. पोरं पट्टीचं रिंगण करून काडीनं पळवायची. मुकादमाच्या घरी तर तुळशीभोवती पट्ट्यांचं कुंपण होतं. कुणी कुणाला विचारत नव्हतं आणि कुणी कुणाला हटकत नव्हतं. हे मी मुद्दाम सांगून ठेवते.

बानं पाच तुकडे आणले. दगडावर घासून त्यांच्या कडांची धार मारली, खिळा ठोकून टोकांना भोकं पाडली. पण पट्टी अशी की वाकवली तरी हात सोडला की ताडदिशी सरळ. माय दोन दिवस तिच्याशी भांडली. मग तिनं पट्टीची दोन टोकं एका दोरीनं एकमेकांकडं ओढून बांधली. पट्टी कमानीसारखी फुगली आणि तशीच राहिली. मायनं माझ्याकडं पाहिलं. नुसती मान हलवली, हे बराबर, अशी.

दोरी म्हणजे तिच्या जुन्या हिरव्या लुगड्याचे काठ. लुगडं विरून गेलं होतं, पण काठ नव्यासारखे धड होते. तेच फाडून तिनं पट्ट्या एकाखाली एक टांगल्या, वर लहान, खाली मोठी. पट्ट्यांना निरगाठ, कमरेला सुरगाठ. टोकांना चिंध्या गुंडाळल्या, टोचू नये म्हणून. आणि मला म्हणाली, "आता बस."

मी पाटावर बसले. काठ ढिले पडले आणि पाची पट्ट्या एकावर एक मिटून वर सरकल्या. उठले, तर टप्पदिशी परत फुगल्या. माय टाळी वाजवून ओरडली, "अशी बसती ती! अशी बसती!" मी मायला इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. दिवसभर धान्यातले खडे वेचणारी बाई, एक यत्ता शिकली न्हाई, आणि तिनं कुठल्या कुठल्या मडमेचा पिंजरा नुसत्या चित्रावरून सोडवला. वरचा घागरा दोन जुन्या चादरींचा, त्याला फाटक्या मच्छरदाणीची झालर. खर्च म्हणाल तर सुईदोऱ्याचा.

शाळेत नेला तर बाई खुर्चीतून उठूनच आल्या. मला चारदा बसवलं, चारदा उठवलं, आणि त्या टप्पदिशी फुगण्यावर नाटकात एक प्रसंगच वाढवला. मडम गावच्या बाजेवर बसते, उठते, मागून पिंजरा फुगतो आणि पाटील दचकून मागं सरतो. तालमीत हसून हसून मुलींच्या डोळ्यांत पाणी यायचं. मायनं सगळ्या गल्लीला आवतण देऊन टाकलं. आडतीतून अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली.

आणि गॅदरिंगच्या आदल्या दिवशी बाईंनी मला बाजूला घेतलं.

"हे बघ, तू हुशार आहेस. तुला सगळ्यांचं पाठ आहे. तू पडद्यामागं थांबून सगळ्यांना वाक्यं सांगायची. मडमचं काम तिला देऊ या." तिला म्हणजे मालकाच्या मुलीला. "ती गोरी आहे ना, मडम शोभेल. आणि तिच्या वडिलांनी आपल्याला मंडप दिलाय."

बाई जाता जाता वळल्या. "पिंजरा मात्र आण हं. शाळेसाठी."

मंडपापायी! बाई, तुमचा तो मंडप एका संध्याकाळचा होता. आणि गोरी दिसायची होती तर पावडर काय कमी होती? मला अजून कळत न्हाई की त्यांना लाज कशी वाटली न्हाई. माणूस नको, माणसाचा पिंजरा तेवढा पाहिजे! मी तेव्हाच नाही म्हणायला पाहिजे होतं. पण नववीतली पोर, समोर बाई. मी "हो" म्हणाले. घरी मायला काहीच सांगितलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी एका वर्गात सगळ्यांची रंगरंगोटी चालली होती. मालकीणबाई मुलीला तयार करायला आल्या होत्या. मी पिंजरा पुढं केला. त्यांनी तो हातात घेतला न्हाई. "तिथं बाकावर ठेव," म्हणाल्या. मग तांब्यातलं पाणी ओंजळीत घेऊन त्यावर शिंपडलं, आणि माझ्याकडं पाहून गोड हसून म्हणाल्या, "वाईट नको वाटून घेऊ हं, आमच्यात करावं लागतं." माझ्या मायच्या हातच्या गाठी ओल्या झाल्या. पट्ट्यांना गंज चढेल एवढंच मला त्या घटकेला सुचलं. बाकीचा राग नंतर आला, आणि तो अजून गेलेला न्हाई.

मुलीनं पिंजरा चढवला तर उंचवटा कमरेच्या एका बाजूला. वर सरकवला तर पाठीवर. मालकीणबाईंना काही जमेना, बाईंना जमेना. तिसरी घंटा व्हायची वेळ. बाई म्हणाल्या, "अगं, बांध ना तू!" आणि मी बांधला. चांगला बांधला. पाणी शिंपडलेला पिंजरा मी हात लावून बांधला, तेव्हा कुणाला परत पाणी शिंपडायला वेळ नव्हता. का बांधला म्हणून मी स्वतःला किती वेळा शिव्या दिल्या असतील! पण मंडपात माय बसली होती, आणि तिचं काम वाकडं दिसणं मला सहन होणार नव्हतं.

मी पडद्याच्या फटीतून पाहून राहिले. माय बायकांत पुढं बसलेली, धुतलेलं लुगडं नेसून. मडम आली. पावडरीनं तोंड पांढरं, डोक्यावर टोपी. मायनं दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या, शेजारणीला कोपर मारून दाखवलं. तिला वाटलं, मीच आहे. मग मडम बोलली. आवाज दुसरा. मायचे हात तसेच हवेत थांबले, आणि मग तिनं ते मांडीवर ठेवले.

त्या मुलीला एक वाक्य धड येत नव्हतं. "टुमी पानी" म्हणून थांबायची, पुढचं मी आतून सांगायची. पण ती बसली, उठली, पिंजरा फुगला आणि मंडप अक्षरशः उसळला. ते हसू माझ्या मायचं होतं हो! तिनं जागचा हात हलवला न्हाई.

नाटक संपलं. कुण्या साहेबांच्या पत्नी पाहुण्या होत्या, त्यांनी बक्षिसं दिली. उत्कृष्ट वेशभूषा म्हणून मडमला बोलावलं, स्टीलचा डबा दिला, आणि कौतुकानं माइकवर विचारलं, "काय सुंदर बसतो गं हा! कुठून आणला?"

मुलगी म्हणाली, "घरीच केला."

मला पुढचं नीट आठवत न्हाई. एवढं आठवतं की मी पडदा बाजूला सारून थेट माइकपाशी गेले आणि ओरडले, "माझ्या मायनं केलाय!" लोक एकमेकांकडं पाहायला लागले. कुणी विश्वास ठेवेना असं वाटलं, म्हणून मी खात्री पटवायला पुढचं बोलले, "प्रेसच्या पट्ट्यांचा केलाय! माझ्या बानं आणल्यात पट्ट्या! घागरा वर करून पाहा!"

लोक हसले. बाईंनी माझं मनगट धरून मला आत ओढलं. पुढच्या रांगेत मालक बसले होते, ते तेवढे हसले न्हाईत.

दोनदा बोलले मी. पहिलं कुणीच ऐकलं न्हाई. दुसरं बराबर ज्याच्या कानात जायचं त्याच्या कानात गेलं.

सकाळी बाला प्रेसच्या फाटकावरच अडवलं. तो मुकादम, ज्याच्या तुळशीला पट्ट्यांचं कुंपण होतं, तोच म्हणाला, "माल चोरल्याची तक्रार हे. मालक म्हणतात, पट्ट्या आणून द्या, मंग बघू." बा घरी येऊन भिंतीला टेकून बसला. एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. गल्लीत भराभर पट्ट्या लपल्या. चुलीवरच्या जाळ्या गेल्या, दाराच्या कड्या गेल्या. काल आवतणं घेऊन नाटकाला आलेल्या बायका आमच्या दारावरून मान खाली घालून जाऊन राह्यल्या. त्यांना तरी काय बोलणार, त्यांची पण घरं त्याच प्रेसवर चालत होती.

माय उठली. मला म्हणाली, "चल."

आधी शाळेत गेलो. बाईंनी पिंजरा कपाटातून काढून असा घाईनं दिला, जणू चोरीचा माल आपल्याकडं सापडायला नको. तिथून प्रेसमध्ये. भर दुपार होती, अंगणात सरकीचे ढीग, माणसं कामावर. मालक ओसरीत खुर्चीवर बसले होते. मायनं पिंजरा त्यांच्या समोर जमिनीवर ठेवला.

"तुमच्या पट्ट्या आणल्यात, मालक."

मालकांनी पिंजऱ्याकडं पाहिलं. आवाज जरा नरम केला. "बरं, ठेव तिथं. असाच राहू दे. पोरीला आवडलाय, तिला घरी पाहिजे."

मला वाटलं, सुटलो. ठेव न् चल, माय. बाची नोकरी तरी राहील.

माय खाली बसली. पिंजरा मांडीवर घेतला आणि पहिली गाठ सोडायला लागली.

"अगं, सोडते कशाला? म्हटलं ना, तसाच राहू दे!"

"पट्ट्या तुमच्या हेत, मालक. त्या देऊन राह्यले. बांधणी माझी हे. लुगडं माझं हे."

निरगाठी होत्या, त्यात पाणी पडून आवळलेल्या. नखांनी निघेनात तर तिनं दातांनी सोडल्या. एकेक गाठ सुटली की पट्टी ताडदिशी सरळ व्हायची आणि फरशीवर खणकन आपटायची. यंत्रापाशी उभी माणसं पाहून राह्यली. मालक दोनदा म्हणाले, पुरे झालं, आता जा. ती सगळ्या गाठी सोडूनच उठली. समोर भंगाराचे पाच तुकडे पडले होते. काठ तिनं हाताभोवती गुंडाळून घेतले.

बाला आठ दिवसांनी कामावर घेतलं. पण त्या दिवसापासून रोज संध्याकाळी फाटकावर त्याचा एकट्याचा धोतराचा सोगा झाडून पाहायचे. प्रेस बंद पडेपर्यंत पाहायचे. तो घरी आल्यावर हातपाय धुवायचा आणि कुणाशी न बोलता बसायचा. हे माझ्या तोंडामुळं झालं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्या दुपारी प्रेसमधून परतताना मी रस्त्यातच रडायला लागले. "माय, मी बोलायलाच नको होतं."

माय थांबली. हातावरचे काठ सोडून माझी वह्यांची थप्पी बांधायला लागली, कारण माझं दप्तर फाटलं होतं. बांधता बांधता म्हणाली, "बोललीस ते बराबर बोललीस. मायनं केलाय म्हणलीस ना? तिथंच थांबायचं होतं, बाई. पटवून कशाला द्यायचं लोकांना?"

मॅट्रिक होईपर्यंत माझ्या वह्यांना तेच हिरवे काठ होते. पुढं मी मास्तरीण झाले, बा गेला, माय गेली. गॅदरिंगं मीही पुष्कळ बसवली, आणि ज्या पोरीला काम दिलं तिच्याकडून ते कधी काढून घेतलं न्हाई.

आणि परवा ती समोर बसून सुनेला सांगते, पुण्याहून मागवला! तेव्हा निदान 'घरीच केला' म्हणाली होती, आता तेवढंही न्हाई. मी हात धुतला, तिच्याजवळ गेले आणि सुनेच्या देखत म्हणाले, "तो पिंजरा माझ्या मायनं केला होता."

तिनं मला निरखून पाहिलं. मग म्हणाली, "तू... ती आमच्या प्रेसमधल्या गड्याची... अगं, पण तो पट्ट्यांचा—"

मी पुढं एक शब्द बोलले न्हाई. तिथंच थांबले.